सव्विसावं पत्र

दुसऱ्याच्या नावावर आलेलं पत्र तुम्ही कधी वाचलं आहे का? — नाही? बरं. बसा. — त्या खुर्चीवर नको, तिच्यावर वीणाचे ऑफिसचे कागद आहेत; वीणा माझी मुलगी, तुम्हाला आजची वेळ तिनंच दिली. खिडकीजवळ बसा. आणि मी तुमच्याकडे न पाहता भिंतीकडे पाहून बोलतो, हा उद्धटपणा समजू नका. माझ्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. समोर पाहिलं की समोरचा माणूस पुसला जातो. भिंतीकडे पाहिलं की त्याची कड तरी दिसते — तुमचं ते निळं काय आहे, ओढणी? — मफलर. ठीक. तर दुसऱ्याचं पत्र वाचत नाही म्हणालात. मग टिलबर्गहून आगगाड्या आणि बस बदलत इथे उइटहॉर्नला आलात त्या कशासाठी, प्रांजलीबाई? एका मेलेल्या इंग्रज नाटककारानं एका मेलेल्या डच नटीला लिहिलेली त्रेचाळीस खासगी पत्रं तुमच्या संग्रहालयानं ताब्यात घेतली, हातमोजे घालून उघडली, आणि पगार देऊन तुम्हाला वाचायला बसवलं. याला तुम्ही संशोधन म्हणता. आमच्या घरात याला दुसरं नाव होतं, आणि त्या नावाला छडी बसत असे.

आणि तुमची तक्रार काय, तर मी पुरेसं वाचलं नाही! — नाही, बोललात तुम्ही सौम्य शब्दांत, ते मान्य. मी करून दिलेली नक्कल आणि मूळ पत्रं तुम्ही शेजारी शेजारी ठेवलीत आणि अकरा ठिकाणी मजकूर कमी भरला. तेव्हा पानं हरवली की कुणी गाळली, असं विचारायला आलात. ‘हरवली’ हा शब्द आधी वापरलात — संस्कार चांगले आहेत. पण पानं हरवलेली नाहीत. मी गाळली. अकराही जागा मला ठाऊक आहेत. तुम्ही यादी वाचून दाखवायची गरज नाही.

आधी तो माणूस काय लायकीचा होता ते ऐका. सिरिल हॅथर्ली. तुमच्या पिढीत त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि त्यात तुमच्या पिढीचं काही बिघडलेलं नाही. एकोणीसशे नऊ ते तेरा, या चार वर्षांतली ही पत्रं. लंडनमध्ये त्या वेळी संध्याकाळी वीस-पंचवीस थिएटरांचे पडदे वर जायचे, आणि हॅथर्लीच्या मते त्यांतल्या एकाही पडद्यामागे सज्जन माणूस नव्हता — स्वतःला वगळून, अर्थात. नट-मालकांचा तो काळ. थिएटर त्यांचं, कंपनी त्यांची, मुख्य भूमिका त्यांची. कुणी एक सर जोसेलिन होते, त्यांच्याविषयी लिहितो, ‘सर जोसेलिनना माझं नाटक अतिशय आवडलं, त्यात दुसऱ्या कुणी बोलू नये एवढीच त्यांची सूचना आहे.’ — हसा, हसायला हरकत नाही, मीही पहिल्यांदा हसलो होतो. त्यांच्या नायिकेविषयी म्हणतो, ‘पंचेचाळिशीची बाई एकोणीस वर्षांच्या मुलीची भूमिका करते, आणि ते फक्त तिच्याकडे पाठ करून बसलेल्या वादकांना पटतं.’ प्रेक्षकांविषयी — उंची जागांवरचे लोक जेवून येतात म्हणून पहिला अंक चुकवतात, गाडी गाठायची म्हणून शेवटचा चुकवतात, ‘म्हणून नीती मी मधोमध घालतो.’ लीड्सला दौऱ्यावर गेला तर तिथल्या घरमालकिणीच्या मटणाविषयी दोन पानं. दोन पानं, प्रांजलीबाई! समोरासमोर भेटला की सर जोसेलिनचा हात हातात घेऊन त्यांना ‘रंगभूमीचा आधार’ म्हणणार, आणि घरी येऊन शाई ओली असेपर्यंत त्यांची चामडी सोलणार. ज्यांच्या ताटात जेवला त्यांच्याच ताटाला छिद्रं पाडत राहिला. तुमच्या शब्दांत त्याला काय म्हणतात — हं, ‘कालखंडाचा मौल्यवान दस्तऐवज’. मी त्याला चहाडी म्हणतो.

आणि त्याचा सगळ्यात मोठा राग कुणावर? तर सरकारी परीक्षकावर. तिथे नाटक आधी सरकारी कचेरीत वाचायला द्यावं लागे, परवाना मिळाला तरच प्रयोग. एक शांत गृहस्थ पेन्सिल घेऊन बसायचा आणि चारचौघांत ऐकू नये ते खोडायचा. हॅथर्ली त्याला सहा पत्रांत शिव्या देतो. मला त्या गृहस्थाविषयी आदर वाटला. आभाराचा एक शब्द नाही, टाळी नाही, नाव नाही. समाजाच्या कानांची राखण करत आयुष्य काढलं. — माझं आणि त्याचं नातं जोडू नका. मी ओळखलं तुम्ही काय म्हणणार होता ते.

आता मेव्राउ कोरी — आपल्या भाषेत कोरीबाई. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. शेजारचं घर, ज्याच्या खिडकीत आता पडदे नाहीत, ते त्यांचं. सत्त्याऐंशी वर्षांच्या. ती नटी लीना म्हणजे त्यांची आजी. हार्लेमची मुलगी, तेविसाव्या वर्षी लंडनला गेली नटी व्हायला. आणि तिच्या बोलण्यात परका हेल होता म्हणून मिळालं काय, तर फ्रेंच मोलकरणीची कामं! डच बाईनं इंग्रजांसमोर फ्रेंच मोलकरीण व्हायचं. असा तो सगळा बनावाचा धंदा. हॅथर्लीची नाटकं ती टंकलिखित करून द्यायची. आणखी काय काय होतं ते पत्रांत आहे. तुम्ही वाचलंच आहे सगळं, हातमोजे घालून. चार वर्षांनी परत आली, एका भूमापन खात्यातल्या कारकुनाशी लग्न केलं, मुलं झाली, आणि ही पत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेली. तो डबा कोरीबाईंकडे आला. त्यांना मोतीबिंदू, त्यात हॅथर्लीचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. एकदा कुंपणापलीकडून म्हणाल्या, ‘प्रोफेसर, तुम्ही इंग्रजीचे ना? माझ्या आजीचे कागद मला वाचून दाखवाल?’ — मी होकार दिला. पुण्यात एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस इथे जावयाच्या घरी बसून होता. पत्नी गेलेली, नात मीनलला मराठी कळतं पण ती बोलते डच, वीणा सकाळी आठला ॲम्स्टरडॅमला जाते. कुणी ‘प्रोफेसर’ म्हणालं, तर माणूस विरघळतो. हा माझा दोष. लिहून घ्यायचा तर घ्या.

दर बुधवारी सकाळी दहाला. कॉफी, तिच्याबरोबर एक बिस्कीट, आणि लगेच डब्याचं झाकण बंद — इथली रीत तुम्हाला माहीत आहे. मला ती आवडते. संयम आहे तिच्यात. एका डब्यातून एक बिस्कीट, दुसऱ्या डब्यातून एक पत्र. मी मोठ्यानं वाचायचं, नंतर घरी येऊन स्वच्छ टंकित नक्कल करायची. तेव्हा माझे डोळे शाबूत होते. आणि वाचताना पुढच्या ओळीवर नजर ठेवून वाचायची सवय वर्गातली: घाण दिसली की मुलांना कळायच्या आत ओलांडून जायचं. तशीच इथे ओलांडली. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्या आजीच्या — नाही, मी तो शब्द उच्चारत नाही. परपुरुषानं तसलं वाचून दाखवायचं? ती स्त्री मेली आहे म्हणून तिची लाज मेली का?

— काय? — पोथी? पोथीचं कुणी सांगितलं तुम्हाला? वीणानं. हो, डोळे होते तोवर मी रोज सकाळी स्नानानंतर पोथीचा एक अध्याय वाचत असे. पन्नास वर्षं वाचली; आधी छापील, शेवटी वडिलांच्या हातची लिहिलेली. आणि हो, एक ओवी जरी डोळ्यांखालून निसटली तरी अध्याय पुन्हा पहिल्यापासून. परदेशात असो, ताप असो, विमानाची वेळ असो. गाळलेलं पारायण हे पारायण नव्हे. — ती देवाची वाणी आहे, प्रांजलीबाई. हॅथर्लीच्या मटणाला तो नियम लावायचा? शोभतं का तुम्हाला?

दहा जागा अशा. त्यांविषयी मला पश्चात्ताप नाही, पुढेही होणार नाही. कोरीबाईंना संशय येत असे. कान तिखट होते. एकदा म्हणाल्या, ‘प्रोफेसर, तुमची गाडी लहान स्टेशनांवर थांबत नाही वाटतं.’ आणि मी लाल झालो तर टाळी वाजवून हसल्या. फाजील बाई. — चांगली बाई. फाजील आणि चांगली.

अकरावी जागा. सव्विसावं पत्र. तुम्ही त्यासाठीच आला आहात, बाकीच्या दहांचं निमित्त. — तिथेही तेच झालं. दुसऱ्या पानावर उशीचा उल्लेख दिसला, तिथे थांबलो, पुढचा परिच्छेद वाचलाच नाही, तिसऱ्या पानावर उतरलो. वाचलाच नाही म्हटल्यावर त्यात काय होतं ते मला कसं ठाऊक असणार? ‘तिसरा अंक तुझा आहे, लीना; माझ्या उशीला पाठ टेकून, माझाच कोट अंगावर घेऊन तू तो पहाटेपर्यंत सांगितलास आणि मी नुसता लिहून घेतला, पण हे मी कुणासमोर कबूल करीन या भ्रमात राहू नकोस’ — असल्या ओळी कुणा सभ्य माणसानं —

हं.

पाठ आहेत, हो. आता काय बोलायचं राहिलं. कॉफी थंड झाली असेल तुमची. — नको? बरं.

घरी वाचलं. त्याच दिवशी दुपारी, याच टेबलावर. तीनदा वाचलं. शेवटी लिहितो, ‘एका नाटकावर दोन नावं असली की लोक दोघांनाही मानत नाहीत, आणि त्यातलं एक बाईचं असलं की नाटकालाच मानत नाहीत.’ — तुमचं म्हणणं, उशी आणि कोट तेवढे गाळून बाकीचं वाक्य ठेवता आलं असतं. मला हे सुचलं नाही असं वाटतं तुम्हाला? एकोणतीस वर्षं मी मुलांना सारांशलेखन शिकवलं आहे. दोन शब्द काढले असते तर वाक्य देवघरात वाचण्याजोगं झालं असतं. मी दोन शब्द काढले नाहीत. वाक्य काढलं.

तुम्हाला ते नाटक माहीत आहे? ‘बिहाइंड द लायब्ररी डोअर’. मुलांना शिकवणारी एक गरीब बाई, तिच्यावर घरच्या मालकिणीचा दागिना चोरल्याचा आळ येतो. तिसऱ्या अंकात दागिना सापडतो. मालक तिला ग्रंथालयात बोलावतो, दार लावून घेतो आणि माफी मागतो. चांगल्या शब्दांत मागतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, ‘आळ जेवणघरात घेतला होतात, साहेब, नोकरांच्या देखत. माफी तिथे मागा.’ बस. एवढ्यावर अंक उभा आहे. आमच्या अभ्यासक्रमात तो होता तोवर मी दर वर्षी शिकवला. त्यावर एकशे बारा पानांचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, आणि त्यात छातीठोकपणे लिहिलं की हे वाक्य लिहिणारा पुरुष स्वतः तसाच जगला असला पाहिजे. कारण खोट्या मनातून असं वाक्य निघत नाही. हे विधान, बरं का, अगदी बरोबर निघालं. खोट्या मनातून ते निघालं नव्हतंच. मी लेखक चुकीचा सांगितला एवढंच. माझे विद्यार्थी आज साठीला आले. अजून भेटले की ‘सर, माफी तिथे मागा’ म्हणून पाया पडतात. त्या पुस्तकावर माझं नाव आहे — प्राध्यापक सुदर्शन आठल्ये. दुसरं काही माझ्या नावावर नाही. आणि मी कुठल्या फ्रेंच मोलकरणीचं काम करणाऱ्या बाईच्या —

नाही. हे वाक्य मी पुरं करत नाही. हॅथर्लीला शोभेल असं निघत होतं.

कोरीबाईंना ही पत्रं का ऐकायची होती, ते तुमच्या फायलीत नसेल. ते मला माहीत होतं. पहिल्याच बुधवारी त्यांनी सांगितलं होतं. लीना म्हातारपणी सांगायची, की त्या नाटकाचा तिसरा अंक माझा आहे. घरात कुणी विश्वास ठेवला नाही. त्या घरात ‘आजीचा तिसरा अंक’ म्हणजे थाप, असा वाक्प्रचारच पडला — कुणी म्हणालं आज मासा एवढा मोठा मिळाला, की दुसरा म्हणणार, ‘तिसरा अंक!’ आणि इथे पाच डिसेंबरला सिंटरक्लासच्या संध्याकाळी कुटुंबातले एकमेकांवर थट्टेच्या कविता करून भेटीबरोबर देतात, आणि त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायच्या असतात. रागवायचं नाही अशी रीत. कोरी नऊ वर्षांच्या असताना त्यांनी आजीवर कविता केली. तिसऱ्या अंकावर. वीस माणसांसमोर वाचली. वीस माणसं पोट धरून हसली. आजी उठली, बशी उचलून आत गेली आणि त्या संध्याकाळी पुन्हा बाहेर आली नाही. फेब्रुवारीत वारली. अठ्ठ्याहत्तर वर्षं ती कविता कोरीबाईंना तोंडपाठ होती. त्यांनी मला म्हणून दाखवली. चांगली यमकं होती.

त्यांना एवढंच कळायला हवं होतं, की आजी खरं बोलत होती का. खरं बोलत असेल तर येत्या पाच डिसेंबरला, सगळी भावंडं, पुतणे, नातवंडं जमली की त्या दुसरी कविता वाचणार होत्या. त्याच रीतीनं, सगळ्यांच्या देखत. माफी तिथे मागा. त्यांनी ते नाटक वाचलेलंही नव्हतं, प्रांजलीबाई. तरी त्यांना ते कळत होतं.

त्रेचाळिसावं पत्र संपलं तो ऑक्टोबरचा बुधवार. त्यांनी चष्मा काढला. ‘प्रोफेसर, तिसऱ्या अंकाविषयी कुठेच काही नाही?’ मी म्हणालो, नाही. ‘काहीच नाही?’ मी म्हणालो, जे होतं ते वाचलं. एवढंच. — त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आजी थापच मारत होती. बरं झालं. मी नऊ वर्षांची असताना बरोबर होते.’ आणि डबा उघडून त्यांनी मला दुसरं बिस्कीट दिलं. त्रेचाळीस बुधवारांत पहिल्यांदाच. मी ते खाल्लं.

पाच डिसेंबरला त्यांनी घरच्यांना माझी नक्कल छापून वाटली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्यांचे चार शब्द: ‘माझी आजी स्वप्नाळू होती, या पत्रांनी ते कायमचं स्पष्ट झालं.’ खाली, लिप्यंतर: प्रोफेसर आठल्ये. जानेवारीत कोरीबाई गेल्या. पुतण्यानं घर रिकामं केलं आणि डबा तुमच्याकडे पाठवला. वीस माणसांसमोर घेतलेला आळ तोंडी होता. मी तो छापील करून दिला. — हॅथर्ली? त्याचं काय व्हायचं! तो मानानं जगला, मानानं मेला, आणि पुढे पुण्यात त्याला माझ्यासारखा भाट मिळाला. त्याला काही शिक्षा झाली नाही. तुमच्या लेखात ते लिहा. लोकांना वाटतं, शिक्षा होते; होत नाही. निदान त्याला नाही.

— माझ्याकडून लेखी हवं? कसलं? — ‘गाळलेल्या ओळी जाणूनबुजून गाळल्या’. लिहा तुम्ही, मी सही करतो. सही आता ओळीवर बसत नाही, तेवढं बोट धरून दाखवा. — इथे? — झालं. आणि त्या पुतण्याला कळवा. पुढच्या पाच डिसेंबरला ते जमले की वाचू दे त्याला. मी जाऊन वाचावं हे योग्य. पण मला कागद दिसत नाही. बघा कसं असतं, निमित्त किती वेळेवर येतं.

उठू नका. आणखी एक काम आहे. तुमची बस दर अर्ध्या तासानं आहे. ही गेली तर पुढची.

डोळे मार्चमध्ये गेले. आधी ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग मधली अक्षरं नाहीशी. इथल्या हाउसआर्ट्सनं, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरनं, मोठ्या इस्पितळात पाठवलं, तिथे डोळ्यांत सुया टोचल्या. कडा वाचल्या, मध्य गेला. पानाचे समास मला स्वच्छ दिसतात. आता संध्याकाळी वीणा पोथी वाचून दाखवते. थकलेली असते. आणि ती ओव्या गाळते, प्रांजलीबाई. जिथे कंटाळा येतो तिथे नव्हे — जिथे मरणाचं, पापाचं, भोगाचं येतं, तिथे. म्हाताऱ्याला लागू नये म्हणून. पोथी मला पाठ आहे, त्यामुळे ती कुठून उडी मारून कुठे उतरली ते मला बरोबर कळतं. मी बोलत नाही. तिचा आवाज ऐकतो. ओलांडताना तो जरा वरच्या पट्टीत जातो. माझाही जात असणार. कोरीबाईंना तो ऐकू येत असणार.

माझा धाकटा भाऊ सुबोध, साताऱ्याला असतो. तो फोन करत नाही, पत्र लिहितो. वडिलांच्या तेराव्याला, पाटावर बसलेल्या पंगतीसमोर, मी त्याच्यावर आळ घेतला की वडिलांची पोथी यानं लपवली. मोठा भाऊ बोलला म्हणजे खरं; कुणी त्याची बाजू घेतली नाही. त्याची बायको वाढत होती, ती भांडं खाली ठेवून आत गेली. — पोथी माझ्याच सामानात होती. माझ्या पत्नीनं नीट राहावी म्हणून शालीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली होती आणि सांगायच्या आधी ती गेली, वडिलांच्याही आधी. तीन वर्षांनी याच घरात ती शाल उलगडली. मी सुबोधला पत्र लिहून माफी मागितली. चांगल्या शब्दांत मागितली. — हो. दार लावून. साताऱ्याला जाऊन, तीच माणसं जमवून, त्याच ओसरीवर मागायला हवी होती. आधी थंडी होती, मग व्हिसा होता, मग डोळे.

त्याचं उत्तर एप्रिलमध्ये आलं. दादा या नावानं आलेलं, माझं पत्र. आणि ते वाचायला मला दुसरं माणूस लागतं. वीणानं वाचलं: तब्येत बरी, सज्जनगडाला जाऊन आलो, आंब्याला मोहोर चांगला, वहिनींची आठवण येते, तुमचा सुबोध. मी विचारलं, आणखी? ती म्हणाली, एवढंच, बाबा. — पाकिटात तीन कागद आहेत. दोन्ही बाजूंनी लिहिलेले. बोट फिरवलं तर शाईचा उंचवटा लागतो. सुबोध पेन दाबून लिहितो. सहा पानांचा मजकूर वीणानं चहा निवायच्या आत संपवला. पोथीत तिला पकडता येतं. इथे येत नाही, कारण हे मला पाठ नाही. त्यानं मला माफ केलंय की नाही, हे या सहा पानांत आहे, सहा महिने ते माझ्या उशाच्या कप्प्यात आहे, आणि मला त्याचे समास तेवढे दिसतात.

हे घ्या. — घ्या ना. दुसऱ्याचं पत्र नाही वाचत म्हणालात. मी परवानगी देतो. तुम्ही अकरा जागा शोधून काढणाऱ्या बाई आहात. तुम्ही माझ्या कुणी लागत नाही, माझ्या जिवाची काळजी करण्याचं तुम्हाला कारण नाही, आणि एका म्हाताऱ्यानं ओळी गाळल्या म्हणून तुम्ही अर्धा देश ओलांडून जाब विचारायला आलात. मोठ्यानं वाचा. शिवी असली तर शिवी वाचा. एक अक्षर गाळायचं नाही.

— ‘तीर्थस्वरूप दादास’. हो. अक्षर लागतंय ना? लागणारच, त्याचं छान आहे. — तब्येत. हं. — सज्जनगड. हे वीणानंही वाचलं. — मोहोर. पुढे.

पुढे, प्रांजलीबाई.

— का थांबलात? पान उलटल्याचा आवाज आला मला. मनात वाचायचं नाही असं ठरलंय आपलं. — दुसरा कागद झाला. हा तिसरा. — तुमचा श्वास ऐकू येतो मला, मी आंधळा आहे, बहिरा नाही. काय लिहिलंय? — घडी घालू नका. घडी घालू नका त्याची, उघडाच असू दे. वाचा. तब्येत, सज्जनगड, मोहोर — आणि?

— काय म्हणालात?

— एवढंच.

बरं.

टेबलावर ठेवा ते. मफलर नीट गुंडाळा, बाहेर वारा आहे. आणि जाताना दार ओढून घ्या.